मुक्तीचा काळ : पाच दिवस

"या धंद्यातला एकही शब्द असा नाही मॅडम, जो मला मराठीत आणता येणार नाही!"

पंडित हे वाक्य खुर्चीतून उठून, छाती काढून बोलला. कुणी हार घालायला पुढे येईल की काय, अशा थाटात तो नंतरही दोन क्षण तसाच उभा राहिला. कुणी आलं नाही. मॅडम मोबाईलमध्ये बघत होत्या.

पंडित हे त्याचं आडनाव नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. सातवीत असताना त्याने 'आमच्या दारातले झाड' या निबंधात झाड हा शब्द एकदाही वापरला नव्हता. तरुवर, विटप, पादप, वृक्षराज, सगळे येऊन गेले. झाड तेवढं आलं नाही. मराठीच्या बाईंनी वही मिटली, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, पंडित!" त्या दिवसापासून तो पंडित. ही पदवी त्याने चाळीस वर्षं मेडलसारखी मिरवली.

पंडित कामाला होता तो बंदराजवळच्या एका एजंटच्या ऑफिसात. परदेशातून आलेला लोकांचा माल सोडवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. दुसरा मजला, खिडकीतून क्रेनचे लांब हात दिसायचे, आणि त्या दिवसांत तेही दिसत नव्हते, कारण आठवडाभर धुकं हटत नव्हतं. भर दुपारी बारा वाजता ऑफिसात दिवे लावून बसावं लागे.

"आपली नोटीस लोकांना कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "काल एका आजोबांचा फोन. मुलीनं शिलाई मशीन पाठवलंय, आणि हे विचारतायत, नोटीस आली, माझा गुन्हा काय? घरगुती सामानाच्या नोटिसा मराठीत करा. साध्या मराठीत. मी दोन दिवस बाहेर आहे. एखादी पाठवून बघा."

यातला 'साध्या' हा शब्द पंडितच्या कानाजवळून वाऱ्यासारखा निघून गेला!

तो लगेच कामाला बसला. आता हे धंद्यातले शब्द तसे गरीब असतात, पण ऐकायला भलतेच. नोटिफाय पार्टी म्हणजे माल पोहोचला की ज्याला कळवायचं तो माणूस. यात खाणंपिणं काही नसतं, तरी वर्षातून दोघंतिघं विचारतातच, की पार्टी कधी आहे. फ्री टाइम म्हणजे गोडाऊनमध्ये माल फुकट ठेवायला मिळतो तेवढे दिवस. सेड टु कन्टेन म्हणजे जहाजवाल्यांनी खोका उघडून पाहिलेला नाही; पाठवणारा म्हणतो आत अमुक आहे, तर असेल बुवा. सरेंडर म्हणजे पाठवणाऱ्याने मालकीचा मूळ कागद तिकडेच जमा करून टाकला, आता इकडच्या माणसाने नुसतं यायचं आणि माल न्यायचा. आणि डेड फ्रेट म्हणजे जहाजात दोन नगांची जागा धरली आणि एकच नग पाठवला, तर त्या रिकाम्या राहिलेल्या जागेचं भाडं. जो माल आलाच नाही, त्याचं.

एवढं सगळं सरळ लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पंडितने पेनाचं टोपण काढलं.

फ्री टाइमला त्याने लिहिलं, 'मुक्तीचा काळ'. डेड फ्रेटला 'मृतभार'. हा शब्द सुचला तेव्हा तो स्वतःवरच इतका खूश झाला, की उठून पाणी पिऊन आला.

मग हाताला आला तो पहिला कागद त्याने घेतला. एका वयस्कर बाईंच्या नावे त्यांच्या भावाने पाठवलेला लाकडी खोका. खोका हा शब्द पंडितला फारच बाजारू वाटला. त्याने 'पेटी' केलं. पुढे, आत काय आहे या रकान्यात भावाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'जुनी पेटी, वापरलेली'.

"पेटीत पेटी?" पंडित हसला. "काय लोक असतात! कुठं काय लिहायचं तेही कळत नाही." आणि त्याने आतली पेटी खोडून टाकली.

संध्याकाळी त्याने बायकोला नोटीस वाचून दाखवली.

'महोदया, कळविण्यास येते की, आपल्या बंधूंकडून निघालेली पेटी दीर्घ जलप्रवासानंतर अंतिम स्थानी येऊन विसावली आहे. पेटीत काय आहे हे आम्ही पाहिलेले नाही. जुने व वापरलेले असल्याचे सांगितले जाते. वजन : पेटीसह चौऱ्याण्णव किलो, पेटीविना एकाहत्तर किलो. सोबत मृतभार आहे. पाठवणाऱ्याने तेथेच आपले सर्व हक्क सोडले आहेत. मुक्तीचा काळ पाच दिवस. त्यानंतर परित्यक्त समजून विल्हेवाट लावण्यात येईल. येताना ओळख पटविण्याची तयारी ठेवावी.'

बायको पोळपाट पुसता पुसता थांबली होती.

"कोण गेलं हो?" तिने हळूच विचारलं.

"गेलं कुठे? आलंय! माल आलाय."

"मग माझ्या अंगावर काटा का आला?"

"भाषेचं सामर्थ्य!" पंडित म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस टपालात पडली. एक प्रत त्याने गोडाऊनलाही पाठवली. खोक्यावर चिकटवायला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर गोडाऊनकाकांचा फोन आला. काका म्हणजे तीस वर्षं गोडाऊन सांभाळलेला माणूस. एकदा खोक्यातून जिवंत अजगर निघाला तेव्हा त्यांनी आधी रजिस्टरात नोंद केली होती आणि मग आरडाओरडा. अशा माणसाचा आवाज कापत होता.

"पंडित, ती तुमची चौऱ्याण्णव किलोवाली..."

"काय झालं तिला?"

"कण्हतेय."

"काय करतेय?"

"कण्हतेय हो! आजारी माणूस कुशीवर वळताना कण्हतो ना, तसं. लवकर या. नाहीतर मी नोकरी सोडतो. या वयात मला झेपायचं नाही."

पंडित हसत हसतच निघाला. ऑफिसपासून गोडाऊन म्हणजे जेमतेम पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत धुक्याने रस्ता गिळून टाकला होता. दोन्ही बाजूंना उभे असलेले कंटेनर जवळ गेल्यावरच दिसत, आणि दिसले की वाटे, हे आत्ताच इथे येऊन उभे राहिलेत. कुठून तरी भोंगा वाजला. कुठून, ते कळेना. पंडितचं हसू हळूहळू ओसरलं. गोडाऊनच्या दाराशी पोहोचेपर्यंत तो चक्क पाय न वाजवता चालत होता!

काका दाराबाहेर स्टुलावर बसले होते. आत यायला तयार नव्हते.

"सरळ जा. सातवी रांग. उजवीकडे."

"तुम्ही चला की."

"मी दारावर लक्ष ठेवतो."

"दाराला काय होणार आहे?"

"पंडित," काका हात जोडून म्हणाले, "वाद घालू नका. मी तुमची नोटीस वाचलीय."

सातव्या रांगेत वरचा दिवा अर्धवट लागत होता. भिंतीला टेकून एकटाच खोका उभा. पाच फूट लांब, दोन फूट रुंद. मध्यम बांध्याचा माणूस गुडघे जरा दुमडून सहज मावला असता. आता हे माप पंडितच्या मनात का आलं, ते विचारू नका. आलं. खोक्यावर त्याचीच नोटीस चिकटवलेली होती, दमट हवेने तिची कडा सुटून थरथरत होती, आणि लिहिल्यापासून पहिल्यांदाच त्याने ती परक्या माणसाने लिहावी तशी वाचली.

अंतिम स्थानी विसावली आहे. पेटीविना एकाहत्तर किलो. मृतभार.

"अरे देवा," पंडित पुटपुटला. "मी हे काय लिहिलंय!"

बाहेरून एक ट्रक गेला. जमीन हादरली. आणि खोक्याच्या आतून, अगदी खालच्या पट्टीत, लांबलचक आवाज आला.

"हुंऽऽऽऽ..."

पंडितची बोबडी वळली. पळावं तर पाय जमिनीत रुतलेले. जहाजवाल्यांनी पाहिलेलं नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने पाहिलेलं नाही. काकांनी पाहिलेलं नाही. म्हणजे चार समुद्र ओलांडून हा खोका इथवर आला आणि आत काय आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्याने सर्व हक्क सोडलेले!

आवाज थांबला. थोड्या वेळाने आतून बारीक उसासा आला, दमल्यासारखा. त्यासरशी पंडितचे पाय सुटले आणि तो दाराबाहेर काकांच्या स्टुलावर जाऊन बसला. काका त्यावर आधीपासून बसलेले होते, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

"ऐकलंत?" काका म्हणाले.

"ऐकलं."

"आता काय?"

आता काय, याचं उत्तर धुक्यातून आलं. आधी दोन मंद पिवळे दिवे दिसले, मग पांढरं बोनेट. एक गाडी अतिशय हळू, हॉर्न न वाजवता, येऊन त्यांच्यासमोर थांबली. तिच्या कपाळावर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं : शववाहिका.

"आमच्यासाठी?" काकांनी विचारलं. विनोद नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ड्रायव्हरने उतरून दार उघडलं आणि पुढच्या सीटवरून पांढऱ्या साडीतल्या एक वयस्कर बाई उतरल्या. ताठ कणा, जाड चष्मा, हातात घडी घातलेला कागद. पंडित ताडकन उभा राहिला. चाळीस वर्षं झाली तरी ते उभं राहणं पायांच्या लक्षात होतं. बाई! मराठीच्या बाई! नोटिशीवरचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पण शाळेत बाईंना नाव असतं हे कुणाला माहीत होतं? बाई म्हणजे बाई.

बाईंनी त्याला ओळखलं नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"माझा दादा इथे आहे ना?" त्या म्हणाल्या. "मी त्याला न्यायला आलेय."

समोर काय वाढून ठेवलंय ते पंडितला कळलं, आणि तोंडातून शब्द मात्र फुटेना. शब्दांचा साठा असलेला माणूस, पण ऐनवेळी गोडाऊन रिकामं!

"अठरा वर्षं बोललो नाही आम्ही," बाई त्याच्याकडे न बघता सांगत होत्या. "वडिलांच्या एका वस्तूवरून. मी म्हणायचे माझी, तो म्हणायचा माझी. तो घेऊन परदेशी निघून गेला. मी म्हटलं, तू पहिला फोन करशील तेव्हाच बोलेन. तोही तसलाच. आणि आज सकाळी हे पत्र. सर्व हक्क सोडले म्हणे." त्यांचा आवाज फुटला. "अरे, वस्तू गेली खड्ड्यात. मी फोन करायला हवा होता रे."

काकांनी डोळे पुसले. ड्रायव्हरने टोपी काढली. पंडितला वाटलं, आत्ता, या क्षणी सांगून टाकावं, की बाई, हे मी लिहिलंय, यात मेलेलं कुणी नाही, मेलं असेल ते माझं डोकं. पण आतून ऐकलेला तो आवाज आठवला, आणि खात्रीने सांगायचं तरी काय, हेच त्याला कळेना. नाही म्हणावं, आणि असलं तर?

"एकाहत्तर किलो लिहिलंय," बाई म्हणाल्या. "दादा तर बासष्टचा होता."

"परदेशात वजन वाढतं, मावशी," ड्रायव्हर समजुतीने म्हणाला.

चौघं सातव्या रांगेत गेले. बाईंनी खोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ड्रायव्हरने एक बाजू धरली, दुसरी पंडितने. काकांनी भिंत धरली.

"उचला," ड्रायव्हर म्हणाला. खोका कलला आणि आतून मोठ्याने आलं :

"हुंऽऽऽऽऽआँऽऽ!"

"दादा!" बाई किंचाळल्या. "जिवंत आहे! अरे जिवंत आहे तो! उघडा! उघडा आधी!"

ड्रायव्हरच्या हातून त्याची बाजू सुटली. बारा वर्षांच्या नोकरीत त्याच्या गिऱ्हाइकाने असं कधी केलं नव्हतं. बाजू जमिनीवर आदळली आणि आतून एकदम तीन आवाज आले, एक जाड, दोन बारीक.

"एकटा नाहीये तो!" काका ओरडले.

"पहार आणा!" बाई.

"बाई, पण सुटकापत्र..." पंडितच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "मॅडमच्या सहीचं सुटकापत्र झाल्याशिवाय खोका उघडता येत नाही. नियम आहे."

बाईंनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. बस, तेवढंच. सातवीतल्या त्या नजरेपुढे नियम कुठला टिकतोय! पंडितने स्वतः पहार आणली, स्वतः फळीत घातली, आणि डोळे घट्ट मिटून जोर लावला. कडाड! खिळे उडाले, फळी निघाली, भुशाचा ढीग भसकन पायावर पडला.

पंडितने एक डोळा उघडला.

आत पेटी होती.

पेटी म्हणजे वाजवायची पेटी. पायाने भाता मारायची, जुनी, शिसवी लाकडाची, पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांची. समुद्राच्या ओलाव्याने तीन पट्ट्या फुगून खाली अडकल्या होत्या. ट्रकने हादरा दिला किंवा खोका कलला, की भाता हलायचा आणि ती बिचारी श्वास सोडायची. जुनी पेटी, वापरलेली. भावाने लिहिलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

बाई पुढे झाल्या. पदराने त्यांनी पट्ट्यांवरचा भुसा पुसला. एका कोपऱ्यात लाकडावर चाकूने दोन वाकडी अक्षरं कोरलेली होती. त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"बाबांची," त्या म्हणाल्या. मग वळल्या. "मग दादा कुठंय?"

आता मात्र पंडितला बोलावंच लागलं. त्याने एकेक शब्द उलगडला. मुक्तीचा काळ म्हणजे फुकट ठेवायचे दिवस. ओळख पटवणे म्हणजे तुमचं ओळखपत्र. पेटीविना वजन म्हणजे खोका सोडून मालाचं.

"आणि मृतभार?"

"म्हणजे... त्यांनी दोन नगांची जागा धरली होती, बाई. आला एकच. दुसरी जागा रिकामी आली. त्या रिकाम्या जागेचं भाडं. भरलंय त्यांनी."

"दुसरा नग कुठला?"

पंडितने कागद काढून दाखवला. दुसऱ्या ओळीवर काट मारली होती, पण खालचं वाचता येत होतं. लाकडी बाकडं, एक.

बाईंच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून काका दोन पावलं मागे सरकले. मेलेल्या भावासाठी आलेली ती पांढऱ्या साडीतली म्हातारी बघता बघता नाहीशी झाली आणि तिच्या जागी फ्रॉकमधली, हक्काची वस्तू पळवली गेलेली एक मुलगी उभी राहिली.

"बाकडं ठेवून घेतलं!" त्या कडाडल्या. "पेटी पाठवली आणि बाकडं ठेवून घेतलं चोरानं! आम्ही दोघं त्यावर बसायचो! नंबर आहे त्याचा तुझ्याकडे?"

"पाठवणाऱ्याच्या रकान्यात आहे, बाई."

"लाव."

काकांच्या टेबलावरच्या फोनवरून पंडितने नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. तेवढ्या वेळात बाईंनी रिसीव्हर त्याच्या हातून काढून घेतला. मग पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

अठरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बाई एका श्वासात बोलल्या.

"बाकडं कुठंय?"

तो फोन इतका जुना होता, की पलीकडचं गोडाऊनभर ऐकू यायचं. एक म्हातारा आवाज म्हणाला, "पोचली का पेटी?"

"मी बाकड्याचं विचारतेय."

"बांधलं होतं गं. शेवटी काढून घेतलं. म्हटलं, दोन्ही दिलं तर तू कशाला फोन करशील?" आवाज अडखळला. "बाकडं हवं असेल तर न्यायला ये. इकडे. मी तिकीट काढतो."

बाईंनी रिसीव्हर कानाला तसाच दाबून धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. काका, ड्रायव्हर आणि पंडित, तिघंही एकदम बाहेरचं धुकं बघायला निघून गेले.

मग पेटी शववाहिकेतूनच घरी गेली. ड्रायव्हर म्हणाला, एरवी परतीच्या फेरीला गाडी रिकामीच जाते, आणि आज पहिल्यांदा कुणाला तरी घरी सोडतोय. वाटेत प्रत्येक खड्ड्यावर ती कण्हत होती आणि रस्त्यातली माणसं भराभर बाजूला होत होती.

गाडीत चढताना बाई पंडितपाशी थांबल्या. चष्मा वर करून त्यांनी त्याला न्याहाळलं.

"तू झाडवाला ना?"

"हो बाई!" पंडितचा चेहरा उजळला. "तुम्हीच मला पंडित म्हणालात! अजून सगळे तेच म्हणतात!"

"अजून?" बाई म्हणाल्या. "अरे, मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत तुला त्यातला टोमणा कळेल."

मॅडम परत आल्या त्या दिवशी टपालाने एक पाकीट आलं. आत पंडितचीच नोटीस होती, लाल शाईने रंगलेली. पेटी खोडून 'खोका'. विसावली खोडून 'आली'. मुक्तीचा काळ याच्याभोवती मोठं वर्तुळ आणि बाजूला तीन प्रश्नचिन्हं. मृतभारावर तर शाई कागदातून आरपार गेली होती.

संबंध पानात एकच वाक्य तेवढं न खोडलेलं होतं. 'पाठवणाऱ्याने तेथेच आपले सर्व हक्क सोडले आहेत.' त्याच्यासमोर बाईंची बरोबरची खूण होती, आणि खाली, ठसठशीत अक्षरांत : दहापैकी एक.

पंडितने तो कागद टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. निबंधाला मिळाले होते त्यापेक्षा एकाने जास्तच आहेत.